फ्रेममधलं घड्याळ

भाजीवाल्याने तराजू उचलला की मी काट्याकडे बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. दूध आलं की आधी बोट बुडवून बघते. आई म्हणायची, या मुलीला देवाने स्वतःच्या हाताने प्रसाद दिला तरी ही आधी हुंगून बघेल. तिचं काही चुकत नव्हतं. पण या स्वभावाचा मला पगार मिळायला लागला तो अंधेरीत, एका व्हिडिओवाल्याच्या ऑफिसात.

गिरण्यांचा संप होऊन तीनेक वर्षं झाली होती. वडिलांची गिरणी बंद झाली ती बंदच राहिली होती. बोरिवलीला घराजवळच्या एका कापडाच्या दुकानात ते गठ्ठे बांधायचं काम करायचे, तेही रोज मिळेलच असं नाही. महिन्याच्या महिन्याला घरात येणारा पगार माझा एकटीचा होता. ही नोकरी गेली तर काय, हा विचार मी शक्यतो करत नसे.

ऑफिस म्हणजे अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा गाळा. आतल्या खोलीत सर आणि फोन. बाहेरच्या खोलीत मी, टाइपरायटर, कॅसेटचं कपाट आणि भिंतीवर एक घड्याळ. पंप बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने ते दिवाळीला दिलेलं. गोल पांढरी तबकडी, लांबून वाचता येतील असे काळे आकडे आणि सारखा फिरणारा लाल सेकंदकाटा.

सर आधी लग्नं शूट करायचे. मग कारखानदार यायला लागले. कुणाला डीलर लोकांना दाखवायला आपल्या कारखान्याची फिल्म हवी, कुणाला परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायला. व्हिडिओ म्हणजे स्वस्तात काम, अशी सगळ्यांची समजूत होती, आणि सर ती मोडत नसत. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ते एक आकडा सांगायचे आणि मग त्या आकड्यात फिल्म कोंबायला बघायचे. शेवटी खिशातले घालायचे. चित्र त्यांना फार सुंदर दिसायचं, पैसा मात्र दिसायचाच नाही.

मी टायपिस्ट म्हणून लागले होते. सहा महिन्यांत बजेट मी करायला लागले, कारण ते टाइप करता करता मला राग यायचा. गिऱ्हाइकाला मी आधी प्रश्न विचारायची. फिल्म कोण बघणार, कुठे बघणार, त्यात काय दिसलंच पाहिजे आणि काय नाही दिसलं तरी चालेल. मग आदल्या दिवशी बसने जाऊन जागा बघून यायची. प्लग कुठे आहेत, कुठलं मशीन किती वाजता चालू असतं, खिडकीतून ऊन कधी येतं. एवढ्यानेच अर्धा दिवस वाचायचा, कारण आमचे लोक पूर्वी तिथे पोचून मग वायर शोधत बसायचे. एडिटिंगचा स्टुडिओ तासावर भाड्याने घ्यावा लागे आणि खरा पैसा तिथे जाई. म्हणून मी शक्य तेवढं सलग शूट करायला लावायची. जितके तुकडे कमी तितके जोडायचे तास कमी, हे माझं साधं गणित होतं.

उरलेलं काम म्हणजे आपल्याच माणसांवर नजर ठेवणं. लाइटवाला प्रत्येक शूटला एक बल्ब उडाला म्हणून सांगायचा. मी म्हटलं, उडालेला बल्ब आणून दाखव. तो आणून दाखवायला लागला. तिसऱ्यांदा मला शंका आली, म्हणून मी बल्बच्या बुडाला नखाचं लाल पॉलिश लावून ठेवलं. पुढच्या शूटला तोच बल्ब परत उडाला. सर पोट धरून हसले. लाइटवाला त्यानंतर माझ्याशी बोलायचाच बंद झाला आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

कॅमेरामन त्याच्याहून हुशार होता. माणूस कामाचा, पण शिफ्टच्या वेळेत पक्का गोलमाल. शिफ्ट आठ तासांची, त्यावर गेलं की जास्तीचे पैसे, आणि आठ तास कधी झाले ते तोच सांगणार. मी शूटवर दर वेळी नसायची. साडेपाचला कॅमेरा बंद केला असला तरी तो सांगणार साडेसात.

"मॅडम, तुम्ही होता काय तिकडे?" तो म्हणायचा. "मग कशाला डोकं खाता?"

कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं, पण हातात काही सापडत नव्हतं. असं झालं की मला जेवण गोड लागत नाही.

अशात भांडुपचं काम आलं. डोकेदुखीचं मलम बनवणारा कारखाना होता. मलमाच्या बाटल्या, त्यांची पुठ्ठ्याची खोकी, आत माहितीचा कागद. फिल्म दहा मिनिटांची हवी होती. कारखान्याचे मॅनेजर स्वतः ऑफिसला आले. पन्नाशीचे, सफारीतले, हळू बोलणारे. माझं बजेट त्यांनी ओळ न् ओळ वाचलं. टॅक्सीच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, दोन कशाला? नारळ-पेढ्यांच्या ओळीवर विचारलं, हे काय? मी म्हटलं, ते मीही कापणारच होते, पण आमचे लोक नारळ फोडल्याशिवाय कॅमेरा उघडत नाहीत. ते हसले. मला तो माणूस आवडला. आपल्यासारखा विचार करणारा माणूस भेटला की बरं वाटतं.

त्यांना पॅकिंगचा भाग सविस्तर हवा होता. नव्या मुली लागतात, त्यांना शिकवायला उपयोगी पडेल, असं ते म्हणाले. मी सुचवलं की एकच बाई घेऊ, एक पूर्ण ट्रे, पहिल्या बाटलीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत न तोडता. शिकणाऱ्यालाही कळेल आणि एडिटिंगही वाचेल.

"फार चांगली कल्पना," ते म्हणाले, आणि डायरीत लिहून घेतली.

आदल्या दिवशी मी जागा बघायला गेले. पॅकिंगचा हॉल लांबट, मध्ये लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बायका. आत पाऊल टाकल्या टाकल्या मलमाच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायकांच्या डोळ्यांना काहीच होत नव्हतं. बऱ्याचशा कोकणातल्या, काही घाटावरच्या, जवळजवळ सगळ्या मागच्या डोंगरावरच्या वस्तीत राहणाऱ्या. मॅनेजरांनी सगळ्यांत चांगला हात असलेली बाई दाखवली. चाळिशीची, बारीक, केसांत अबोलीचा छोटा गजरा. खोकं उघडायचं, बूड बंद करायचं, कागदाला चार घड्या, बाटली, कागद, वरचं झाकण. तिच्या हातांकडे बघत राहावंसं वाटायचं. घाई दिसायची नाही आणि ट्रे मात्र भरलेला असायचा.

मॅनेजर गेले तसं तिने माझं गाव विचारलं. मी मालवणच्या पुढचं नाव सांगितलं. तिचं गाव तिथून दोन कोसांवर. लगेच ती मालवणीत बोलायला लागली.

"चेडवा, एक इचारू? ह्यां सगळां कित्याक?"

मी सांगितलं, नव्या मुलींना शिकवायला.

तिचे हात चालूच होते. मग खाली बघूनच तिने विचारलं, "आमचो आकडो वाढूचो नाय मा?"

आकडा म्हणजे दिवसाला किती ट्रे भरायचे तो. तो झाला तर पूर्ण हजेरी, म्हणजे दिवसाचे पूर्ण पैसे, नाही झाला तर कापायचे. तिने मला सांगितलं की आत्ता आहे तो जेमतेम होतो. टेबलावरच्या दोन म्हाताऱ्या बायकांचा तर होतच नाही, इतर जणी आपल्यातले दोन-दोन ट्रे हळूच त्यांच्याकडे सरकवतात. आकडा वाढला तर ते सरकवणं बंद होईल आणि त्या दोघी घरी बसतील.

माझे वडील गिरणीतली एक गोष्ट सांगायचे. खात्यात कधीकधी हातात घड्याळ घेतलेला माणूस यायचा, लोकांच्या मागे उभा राहून काहीतरी लिहायचा. तो आला की कुणी कुणाला न सांगता सगळे हात जड करायचे. जो नवखा त्याच्यासमोर चपळाई दाखवायचा, त्याच्याशी मग महिनाभर कुणी डब्याला बसायचं नाही. ही गोष्ट मी लहानपणापासून पन्नास वेळा ऐकली होती. तिने विचारलं तेव्हा मला ती आठवलीही. मी तिलाही सांगितली, आपण एकाच घरातल्या आहोत असं वाटावं म्हणून. आणि वर म्हटलं, "नाय गो ताये. घड्याळवालो कोण येवचो नाय. मी आसंय मा."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसली. "मगे बरां," म्हणाली.

परतताना बसमध्ये मला ती युक्ती सुचली. हॉलच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडरचा एक रिकामा खिळा होता. तिथे ऑफिसातलं घड्याळ लावलं तर? सगळं शूटिंग त्याच भिंतीसमोर होणार. प्रत्येक शॉटमध्ये वेळ आपोआप येणार. मग कॅमेरामनने साडेसात म्हणू दे नाहीतर आठ. कॅसेट लावायची आणि शेवटच्या शॉटमध्ये किती वाजलेत ते दाखवायचं. मला इतका आनंद झाला की मी एक स्टॉप पुढे जाऊन उतरले.

दुसऱ्या दिवशी घड्याळ टॉवेलात गुंडाळून पिशवीतून नेलं. ते खिळ्यावर चढवत होते तेव्हा कॅमेरामन संशयाने बघत होता.

"हे कशाला, मॅडम?"

"भिंत रिकामी दिसते," मी म्हटलं.

बायकांनीही बघितलं. त्यांना ती सजावटच वाटली असणार, कारण बाजूला मी प्लास्टिकच्या फुलांची कुंडीही ठेवली होती.

नारळ फोडायची वेळ आली तेव्हा कारखान्याचे वॉचमन पुढे झाले. म्हातारे, देवगडकडचे. म्हणाले, नुसता नारळ कसा फोडता, गाऱ्हाणं घालायला नको? आमच्याकडे नवं काही सुरू करताना देवाला मोठ्या आवाजात सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा, तशी रीत आहे. कॅमेरामन घड्याळ बघायला लागला. त्याची शिफ्ट सुरूच झाली होती. मी म्हटलं, लवकर घाला.

वॉचमनकाकांनी नारळ हातात धरला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी जो घाट घातलो हा, तो नीट पार पडांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्या बायका म्हणाल्या.

"ह्या फिलमेन कोणाच्या पोटार पाय येवचो नाय असां कर रे म्हाराजा."

हे वाक्य त्यांना कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. मी अंदाजाने टेबलाकडे बघितलं. ती डोळे मिटून हात जोडून उभी होती.

"व्हय म्हाराजा," सगळ्या म्हणाल्या. मीही म्हटलं. मॅनेजर माझ्या शेजारी उभे होते, त्यांनीही हात जोडले होते.

तिने त्या दिवशी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती. दोन मोठे दिवे तिच्या तोंडावर आणि पंखा बंद, कारण त्याच्या वाऱ्याने कागद उडत होते. मॅनेजर कॅमेऱ्याच्या मागून वाकून बघत होते. "हात आणि घड्याळ, दोन्ही नीट येऊ देत," ते कॅमेरामनला म्हणाले.

मला वाटलं, यांचाही कॅमेरामनवर विश्वास नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं.

पहिल्या वेळी ती आपल्या नेहमीच्या हाताने करत होती. मध्येच एक दिवा फुरफुरला आणि थांबावं लागलं. आमची कॅसेट वीस मिनिटांची, आणि तीही महाग. अख्खा ट्रे एकाच कॅसेटीत बसवायचं मी ठरवलं होतं. मी तिच्याजवळ गेले, तिच्या कपाळावरचा घाम माझ्या रुमालाने टिपला आणि म्हटलं, "ताये, जरा भराभर कर हां. एका दमात. कॅसेट संपता."

तिने केलं. तसे हात मी पुन्हा कुणाचे बघितले नाहीत. कॅमेरामनसुद्धा डोळा न लवता बघत होता. शेवटचं खोकं ट्रेमध्ये पडलं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती लाजली, पदराने मान पुसत म्हणाली, "असां दिसभर करूक लागलां तर मरान मी." सगळ्या हसल्या. मीही हसले.

आठवड्याने कॅमेरामनचं बिल आलं. त्यात शिफ्टच्या वर दोन तास लावलेले. मी सरांसमोर कॅसेट लावली, शेवटचा शॉट दाखवला. पाच वाजून दहा मिनिटं. कॅमेरामन पडद्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय बाई आहे यार ही." दोन तास त्याने स्वतःच खोडले. सरांनी त्याच दिवशी सांगितलं की नव्या कार्डांवर माझ्या नावापुढे प्रॉडक्शन मॅनेजर छापू, आणि दिवाळीपासून पगार वाढवू. पगाराचं मी घरी सांगितलं तेव्हा वडील खाली जाऊन जिलबी घेऊन आले.

फिल्म झकास झाली. मॅनेजरांनी पैसे सांगितलेल्या दिवशी दिले, ज्याची आम्हाला सवय नव्हती. मग त्यांनी फोन करून आणखी एक कॉपी मागितली. फक्त पॅकिंगचा भाग, संगीत नको, बोलणं नको. माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. बिनआवाजाची कॉपी कशाला? नक्की दुसऱ्या कुणा व्हिडिओवाल्याला देऊन त्यावर हिंदी, गुजराती चढवणार, आणि आपलं काम बुडवणार. मी सरांना सांगितलं, या कॉपीचे पैसे दुप्पट लावा. मॅनेजरांनी दुप्पट दिले. घासाघीसही केली नाही. मला वाटलं, जिंकलो.

ती कॉपी द्यायला मीच गेले, दुसऱ्या कुणाचं कार्ड टेबलावर दिसतंय का ते बघायला. कार्ड नव्हतं. मॅनेजरांनी चहा मागवला, कॅसेट लगेच केबिनमधल्या व्हीसीआरमध्ये घातली आणि खटाखट बटणं दाबायला लागले. चित्र थांबलं. पडद्यावर तिचे दोन हात आणि वर घड्याळ. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. चित्र थोडं पुढे नेलं, परत थांबवलं. लाल काट्यावर पेन्सिल टेकवली.

"आधीच्या कॉपीत मध्ये मध्ये पडद्यावर अक्षरं येतात, काटा झाकला जातो," ते म्हणाले. "आकडा काढायला बाहेरचा तज्ज्ञ बोलवणार होतो आम्ही. पंधरा दिवस बसला असता, आणि त्याच्यासमोर बायका मुद्दाम हळू करतात. तुमच्यामुळे तो खर्चच वाचला. घड्याळाची कल्पना तुमची ना? कॅमेरामन सांगत होता."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? चहा पूर्ण प्यायले. उठताना विचारलं, आकडा किती होणार? त्यांनी सांगितलं. आधीच्या दीडपट. पहिल्या तारखेपासून.

मी त्यांना हे सांगायला हवं होतं की तो वेग एका ट्रेचा होता, दिवसाचा नव्हता. कॅसेट वाचवायला मीच तिला घाई केली होती. हे सगळं माझ्या तोंडात तयार होतं. पण दिवाळीला पगार वाढायचा होता आणि हे गिऱ्हाईक वेळेवर पैसे देणारं होतं. बाहेर पडताना हॉलच्या दाराशी मी पदर सावरल्यासारखं करून तोंड फिरवलं आणि झपझप गेटबाहेर आले. मी भ्याले होते.

महिन्याभराने ती अंधेरीला ऑफिसात आली. पत्ता वॉचमनकाकांकडून घेतला होता. मी तिला पाणी दिलं. ती खुर्चीच्या काठावर बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मी ते परत त्याच जागी लावलं होतं.

तिने सांगितलं ते असं. त्या दोन म्हाताऱ्या घरी बसल्या. बाकीच्यांची हजेरी कापली जाते. मॅनेजरांनी टीव्ही हॉलमध्ये आणून सगळ्यांना ती कॅसेट दाखवली आणि म्हणाले, तुमच्यातलीच एक करू शकते, मग तुम्ही का नाही? आता सगळ्या म्हणतात, हिने पैसे घेतले. ठेवणीतली साडी नेसून आली म्हणजे हिला आधीच माहीत होतं. डब्याला तिच्याजवळ कुणी बसत नाही. वस्तीतल्या नळावर ती गेली की बोलणं थांबतं. तिच्या मुलीचं लग्न त्याच वस्तीतल्या एका घरात जवळजवळ ठरलं होतं, ते लोक आता बघू म्हणतात.

"घड्याळ तू लायलंस," ती म्हणाली. "माका ठावक नव्हतां. ता येऊन सांग तेंका. तेव्हडांच."

आणि मी काय केलं? मी तिच्यावर संशय घेतला. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच आहे. मला वाटलं, ही एवढ्या लांब आली ती नुसतं सांगायला नाही, हिला काहीतरी हवं असणार. मी ड्रॉवरमधून वीसची नोट काढून तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, जायला यायला खर्च झाला असेल.

तिने नोटेकडे बघितलं. रागावली नाही. "पैसे नको माका," म्हणाली. "येशीत मा?"

मी येते म्हटलं. ती गेली. नोट टेबलावर राहिली, ती मी परत ड्रॉवरमध्ये ठेवली.

मग तीन आठवडे मला वेळ झाला नाही. एक साबणाचं काम होतं, एक घाटकोपरच्या फर्निचरवाल्याचं. एका संध्याकाळी घरी जेवताना मी वडिलांना सगळं सांगितलं, थोडं माझ्या बाजूने वळवून. त्यांनी घास खाली ठेवला.

"घड्याळवाला तूच होतीस की," ते म्हणाले. मग ताटावर बसून राहिले, जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून भांडुपला गेले. गेटच्या बाहेर पानाच्या टपरीपाशी उभी राहिले. पाळी सुटली. बायका बाहेर आल्या, चार-पाचच्या घोळक्यांनी, मलमाचा वास घेऊन. ती सगळ्यांच्या शेवटी होती आणि एकटी होती. तिने मला बघितलं. तिचा चेहरा उजळला, खरंच उजळला.

मी पुढे जाऊन मोठ्याने बोलले. ऑफिसात बोलते तसं, मुद्देसूद. घड्याळ मी लावलं होतं. आमच्या कॅमेरामनची चोरी पकडायला लावलं होतं. हिला काही माहीत नव्हतं. घाईसुद्धा मीच करायला सांगितली, कॅसेट वाचावी म्हणून. हिने एक पैसा घेतलेला नाही.

बायका थांबल्या होत्या. ऐकत होत्या. मला वाटलं, पटतंय. मग एक जाडशी बाई पुढे आली. टाळ्या वाजवणाऱ्यांत तीच पहिली होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तुला आज कुणी बोलवलं?" तिने विचारलं.

मी मागे एकट्या उभ्या असलेल्या तिच्याकडे बघितलं. बघायला नको होतं.

"ही गेली होती ना तुझ्या ऑफिसात? आम्हाला माहीत आहे. बसमध्ये बघितलं होतं हिला. दोघी एका गावच्या ना तुम्ही?" ती मागे वळून इतरांना म्हणाली, "बघा. शिकवून आणलंय."

"तसं नाही हो," मी म्हटलं.

"मग कसं? कॅमेरामनची चोरी पकडायला आमच्या भिंतीवर घड्याळ लावलंस? कुणाला टोपी घालते गं?"

तिच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. मी तर आधी माझी पिशवी तपासली असती. बायका निघून गेल्या, डोंगराच्या वाटेला लागल्या. कुणीतरी काहीतरी म्हटलं आणि बाकीच्या हसल्या.

ती तिथेच उभी होती. केसांत गजरा नव्हता. मी तिच्याजवळ गेले. मला वाटलं, ती रडेल, किंवा मला शिव्या घालेल. दोन्ही चाललं असतं. तिने माझ्या खांद्यावरून घसरलेली पिशवी वर सरकवली, एखाद्या धाकट्या बहिणीची सरकवावी तशी.

"तू इलंस मा, म्हणान आता तेंका ता पैशाचां खरांच वाटलां," ती म्हणाली. "परत येव नको हां, चेडवा."

बाकीच्या बऱ्याच पुढे जाईपर्यंत ती टपरीपाशी थांबली, आणि मग एकटीच वाटेला लागली.